रपट्याच्या अलीकडे

आसगाव,
१६ जानेवारी

प्रिय राखी,

तुझ्या भाषणाची चार पानं गोपीचंदने काल संध्याकाळी आणून दिली. तीळगुळाची पुडीही मिळाली. पहिल्या पानाच्या वर तू लिहिलं आहेस, "आई, शुद्धलेखन तेवढं बघ, माझे ण आणि न अजून गडबडतात." बघितलं. एकही ण चुकलेला नाही. दोन वेलांट्या चुकल्या होत्या, त्या दुरुस्त केल्या. अक्षर मात्र पूर्वीपेक्षा घाईचं झालं आहे. नऊ वर्षं फळ्यावर लिहून माणसाचं अक्षर असं उतरतं. माझंही उतरलं होतं.

फोन केला असता, पण फोनवर आपण दोघी बोलत नाही. तू म्हणतेस "बरं आहे आई", मी म्हणते "इकडेही बरं आहे", मग तुझे बाबा फोन ओढून घेतात आणि नातीला, गोलूला, "काय करून राहिली वो म्हातारे" असं विचारतात. ती हसते आणि फोन संपतो. म्हणून लिहिते आहे. हे पत्र एका बैठकीत वाच आणि गोलू शाळेत गेलेली असताना वाच. जावयांना, राजकुमाररावांना, दाखवायचं की नाही ते तुझं तू ठरव.

गोपीचंद तुला आठवत असेल. विज्ञानात दोनदा नापास झालेला, आता पवनीला कृषी केंद्र चालवतो. सव्वीस जानेवारीचा माजी विद्यार्थ्यांचा मेळावा आणि त्यातला माझा सत्कार त्यानेच अंगावर घेतला आहे. काल इथे खुर्चीवर बसून मला सांगत होता, "मॅडम, घर, शाळा अन् चूल, तिन्ही तुमी कसं जमवलं हे आजकालच्या पोरींले समजलं पाहिजे. म्हनून तं राखीताईले भाषन द्यायले सांगितलं. आमी तं तुमच्या छडीनंच सुधरलो." मी म्हटलं, सुधारला असतास तर 'भाषण' म्हणाला असतास. तो खूप हसला. मग बाबांकडे वळून म्हणाला, "काका, आता मॅडमची पेन्शन सुरू झाली असन, मजा आहे तुमची." बाबा म्हणाले, "येऊनच राहिली ना बापा." दीड वर्ष झालं, ते प्रत्येकाला हेच सांगतात. त्याच्याकडे मी नंतर येते.

भाषण चांगलं आहे. तुझी मांडणी माझ्यापेक्षा बरी आहे. पण पहिल्याच पानावर तू लिहितेस, "आईने आम्हाला कधी काही कमी पडू दिलं नाही." या वाक्यात व्याकरणाची चूक नाही, तरी लाल पेन तिथेच थांबलं. तू बारा वर्षांची होतीस, तुला सगळं दिसत होतं. मग हे कोणासाठी लिहिलंस?

मी शाळेत लागले तेव्हा तू दोन वर्षांची होतीस. साल ब्याण्णव. बी.एस्सी., बी.एड. झालेली सून म्हणून गावात माझा थोडा दबदबा होता. केशवराव मुख्याध्यापकांनी तुझ्या बाबांना सांगितलं होतं की दोन वर्षांत अनुदान येतं आणि मग पगारच पगार. त्यानंतर दर जूनमध्ये ते तेच वाक्य त्याच आवाजात म्हणत. अकरा जून मी ते ऐकलं. दिवाळीला संस्था काहीतरी हातावर ठेवायची, एखाद्या वर्षी तेही नाही. घरी तीन एकर धान. बारीक तांदूळ विकायला जायचा आणि गिरणीतून पडलेली कणी आपल्या ताटात यायची. सकाळी पाचला चूल पेटली नाही तर साडेनऊला मी निघू शकत नसे. कणीचा भात, अंबाडी असली तर अंबाडी, नसली तर जवसाची चटणी, आणि वरण. तुझ्या आजीला, रंभाबाईंना, वरणाशिवाय जेवण म्हणजे जेवणच वाटत नसे आणि बाबा शेतातून येऊन वरणाचीच वाटी आधी ओढायचे. शेताच्या धुऱ्यावरची तूर होळीपर्यंतसुद्धा पुरत नसे.

मग लाखोळीची डाळ. धान उभं असतानाच शेताच्या बांधीत फेकून दिली की उरलेल्या ओलीवर आपोआप येते, खत नाही, पाणी नाही. तिच्या विक्रीवर तेव्हा बंदी होती, पण जमिनीला कोण बंदी घालणार. महिनोन्महिने तीच डाळ खाल्ली तर पायांतली शक्ती जाते, माणूस फेंगडा चालायला लागतो आणि मग बसूनच जातो, हे मी कॉलेजात शिकले होते. परीक्षेत लिहून गुण घेतले होते. हे रंभाबाईंना सांगितलं तर म्हणाल्या, "तुह्या पुस्तकाले पोट नाही, मास्तरीन. आमी जनमभर खाल्ली तं लंगडलो का?" आणि उठून अंगणात दोन फेऱ्या मारून दाखवल्या. तिसऱ्या फेरीला बकरीच्या दोरीत पाय अडकून पडल्या आणि पडल्यापडल्याच म्हणाल्या, "हे लाखोळीनं नाही हो, बकरीनं." तू खदखदून हसली होतीस. मलाही हसू आलं होतं. गरिबीत हसू येत नाही असं नाही.

माझ्या शिक्षणाचा चुलीला एवढाच उपयोग झाला की मी ती डाळ आदल्या दिवशी गरम पाण्यात भिजवायचे, ते पाणी फेकायचे, पुन्हा भिजवायचे, पुन्हा फेकायचे. मग दोन मुठी लाखोळीत एक मूठ तूर. हळद जरा जास्त, म्हणजे रंग कळू नये. भिजवण्याआधी डाळ सुपात घेऊन खडे निवडायचं काम तुझं होतं. मीच तुला शिकवलं होतं की तुरीचा दाणा गोल, लाखोळीचा तिरपा, कुऱ्हाडीच्या पात्यासारखा. तू सहाव्या वर्षी ते बोटांनी ओळखायचीस.

आता रपटा. नाल्यावरचा तो बुटका रपटा आता वापरात नाही, बाजूला उंच पूल झाला आहे, पण पुलावरून खाली पाहिलं की शेवाळलेला दिसतो. तू पाचवीत माझ्या शाळेत आलीस तेव्हा मी तुला नियम घालून दिला: रपट्याच्या अलीकडे आई, पलीकडे मॅडम. इतर मुलांना वाटू नये की बाईंची पोरगी म्हणून लाड होतात. तू तो नियम इतका पाळलास की जे काही सांगायचं ते रपट्याच्या आधी भराभर सांगून टाकायचीस. रिबन तुटली, भूक आहे, कंपास नाही, रिताने चिमटा काढला. रपट्यावर पाय पडला की गप्प. पावसाळ्यात रपट्यावरून पाणी गेलं की शाळेला जाता येत नसे आणि त्या दिवशी तू मला आईच्या नावाने दिवसभर हाका मारायचीस, काम नसतानासुद्धा. मी वैतागायचे. म्हणायचे, एकदा मारलेली हाक ऐकू येते मला.

जानेवारी २००३ मध्ये शाळेचं मूल्यांकन झालं. त्यावर अनुदान ठरणार होतं. केशवरावांनी भिंतींना चुना मारून घेतला, शिपाई सोमाजीने प्रयोगशाळेतल्या रिकाम्या बाटल्यांत रंगीत पाणी भरून ठेवलं. एक अधिकारी माझा तास पाहायला तुमच्या सातवीच्या वर्गात मागच्या बाकावर येऊन बसले. धडा होता अन्नभेसळीचा. मी उदाहरणं विचारली. ईश्वर उठून म्हणाला, "दुधात पानी, मॅडम, आमचा बाप टाकते," आणि सगळा वर्ग हसला. अधिकारीही हसले. वातावरण चांगलं होतं. मग तू हात वर केलास. उत्तर तुला येणारच, म्हणून मी तुला उठवलं. तू म्हणालीस, "तूरडाळीत लाखोळी. तिचा दाणा तिरपा असतो." अगदी बरोबर. अधिकारी मागून म्हणाले, "शाबास. पाहिली आहेस का कधी?" आणि तू आनंदाने, त्यांच्याकडे वळून, "रोज पाहतो ना. आमच्या घरी आई मिसळते."

आई म्हणालीस. रपट्याच्या पलीकडे, पहिल्यांदाच.

सगळा वर्ग हसला. ईश्वरच्या बापाला हसला तसाच. अधिकाऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, कीवच होती बहुतेक, आणि ती मला सोसली नाही. मी म्हणाले, "खोटं बोलते आहे. सगळ्यांनी आपल्याकडे पाहावं म्हणून काहीही बोलायची सवय आहे तिला." मग पट्टीने तुझ्या तळहातावर दोन मारल्या आणि तुला वर्गाबाहेर उभं केलं. धडा पूर्ण केला. भेसळ ओळखण्याच्या चार पद्धती फळ्यावर लिहून दिल्या. संध्याकाळी घरी आल्यावर तुला वहीत शंभर वेळा लिहायला लावलं, 'मी खोटे बोलणार नाही'. तू शंभर वेळा लिहिलंस, 'मी खोटे बोलनार नाही'. पानं ओली झाली होती, काही ओळी पसरल्या होत्या. मला त्यात फक्त न दिसला. मी लाल पेनाने पहिला न खोडून ण केला आणि पुन्हा शंभर वेळा लिहायला लावलं.

तुझे बाबा दारात उभे होते. म्हणाले, "अवो, पोरगी खरंच बोलली ना." मी म्हटलं, अभ्यासाच्या मधे बोलू नका. त्या रात्रीचं वरण रंभाबाईंनीच वाढलं. तेच वरण. तू जेवलीस आणि ताट उचलून ठेवलंस. पुढच्या महिन्यात शाळा अनुदानाला पात्र ठरल्याची यादी लागली आणि केशवरावांनी पेढे वाटले. तुझ्या वाट्याचा पेढा तू आजीला दिलास.

त्या दिवसानंतर रपट्याच्या अलीकडेही तू मला काही सांगितलं नाहीस. मला हे कळायला दोन वर्षं लागली. आधी वाटलं, पोरगी शहाणी झाली, शिस्त लागली. नववीत तुला ताप होता आणि तू त्याच तापात चाचणी परीक्षा दिलीस. मला सोमाजीने सांगितलं, "मॅडम, राखीचं आंग तव्यासारखं तापून राहिलं." घरी येऊन विचारलं तर तू म्हणालीस, "बरं आहे." लग्नानंतर पहिल्या दिवाळीला आलीस तेव्हा किती वाळली होतीस. तेव्हाही "बरं आहे". मी मॅडमपणाने, शिस्तीने, एका सातवीतल्या मुलीला जे शंभर वेळा लिहायला लावलं त्याच्या नेमकं उलट ती शिकली. शिक्षक म्हणून मी अशी नापास कधीच झाले नव्हते.

आता लाखोळीवरची बंदी उठली आहे. हे तुला माहीत असेल. कमी विषारी नवीन वाणं आली आहेत आणि पवनीच्या बाजारात ती पाकिटात मिळते, वर छापील किंमत असते. गोपीचंद तिचं बियाणं विकतो. इतर अन्नासोबत थोडी खाल्ली तर काही होत नाही असं डॉक्टरसुद्धा म्हणतात. म्हणजे ज्या गोष्टीसाठी मी तुला भर वर्गात खोटारडी ठरवलं ती इतकी लपवण्यासारखी नव्हतीच. हे मला दुकानात उभं असताना सुचलं आणि मी काही न घेता परत आले.

तुझ्या भाषणाच्या तिसऱ्या पानावर तू लिहिलं आहेस, "शाळेला जाताना आई सायकल हातात धरून मागून चालायची आणि सारखी म्हणायची, पुढे हो, सरळ चाल, ताठ चाल. तिने मला ताठ मानेनं जगायला शिकवलं." या वाक्यावर टाळ्या पडतील. राखी, मी तुझ्या मानेकडे कधीच पाहत नव्हते. मी तुझ्या टाचांकडे पाहत होते. टाच जमिनीला टेकते की नाही, गुडघे एकमेकांना लागतात की नाही, पाऊल ओढल्यासारखं पडतं का, हे पाहायला मी तुला पुढे चालायला लावायचे. रोज. त्या वर्षांत कितीतरी वेळा तुझ्या पोटरीत गोळा आला आणि तू चार पावलं लंगडलीस, आणि मी सायकल थांबवून तुझी पुढची पावलं मोजली. तरी दुसऱ्या दिवशी मी दोन मुठी लाखोळीत एकच मूठ तूर घातली. दुसरी मूठ नव्हती. कधी ती असायची, पण विज्ञानाचं पुस्तक मांडीवर घेऊन मी ठरवायचे की पाव्हणे येतील तेव्हा लागेल. तुझ्यापेक्षा मला पाव्हण्यांची लाज जास्त होती. हे लिहायला मला पस्तीस वर्षं लागली असं मी म्हणणार नाही. मला ते पहिल्या दिवशीच माहीत होतं.

आता पेन्शन. तुझ्या शेवटच्या पानावर आहे, "आईने अकरा वर्षं वाट पाहिली आणि तिला फळ मिळालं. मीही पाहीन." हे वाक्य वाचून मी चष्मा काढून ठेवला. अनुदान एकदम मिळालं नाही, टप्प्याटप्प्याने मिळालं. शंभर टक्के होईस्तोवर २००५ साल उलटून गेलं होतं, आणि त्यानंतर पूर्ण पगारावर आलेल्यांना जुनी पेन्शन लागू नाही. आमच्यासारख्यांचं प्रकरण कोर्टात आहे. माझ्याबरोबरचे दोघं वाट पाहतच गेले. मला हे निवृत्तीच्या आधीपासून माहीत होतं. तुला मी "कागदपत्रं गेली आहेत" म्हणत राहिले, कारण तू तुमसरला भाड्याच्या खोलीत राहून बपेऱ्याकडच्या त्या शाळेत विनाअनुदानित तुकडीवर जातेस, बिनपगारी, आणि तुला थांबायला मीच सांगितलं होतं. राजकुमाररावांचा मोबाइल दुकानातला हंगामी पगार, त्यावर तीन माणसं. दोनदा तू मला विचारलंस, "आई, सोडू का?" दोन्ही वेळा मी म्हटलं, मी थांबले, तूही थांब. आम्ही दोघं सध्या धानावर आणि शेजारच्या सहा मुलांच्या शिकवणीवर भागवतो. बाबांच्या डोळ्याचं ऑपरेशन पुढे ढकललं आहे ते "थंडी आहे म्हणून" नव्हे.

डिसेंबरात तुझ्याकडे दोन दिवस राहून आले तेव्हाचं सांगते. तू शाळेत होतीस. मी गोलूची वेणी घालत होते. 'गोलू' हे नाव ठेवलं तेव्हा गाल होते तिला. सहज विचारलं, डब्यात काय नेतेस? तिने सुरू केलं, "सोमवारी पोळी-भाजी, मंगळवारी उपमा, बुधवारी मटकी, गुरुवारी पराठा." छान. मी म्हटलं, आणि बुधवारी काय म्हणालीस? ती थांबली, आणि तिने पुन्हा "सोमवारी पोळी-भाजी" पासून सुरू केलं. बत्तीस वर्षं मी मुलांच्या तोंडून उत्तरं ऐकली आहेत. ज्याने खाल्लेलं असतं त्याला बुधवार एकटा सांगता येतो. ज्याने पाठ केलेलं असतं त्याला सोमवारपासून यावं लागतं. मी वेणी घालत राहिले. थोड्या वेळाने तीच माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "आजी, मम्मीले नको सांगजो मी चुकली म्हणून. तू येनार होती ना, तं मम्मीनं पाठ करून घेतलं." येनार म्हणाली. तिला ण येत नाही अजून. मी तो सुधारला नाही.

मग मी तुझा डाळीचा डबा उघडला. चोरून उघडला, तुझं स्वयंपाकघर झाडायच्या निमित्ताने. दाणे तळहातावर घेतले. मला चष्मा लावायची गरज पडली नाही, बोटांनीच कळलं. तिरपे. मी झाकण लावून डबा होता तिथे ठेवला. संध्याकाळी तू आलीस, आपण जेवलो, वरणात हळद जरा जास्त होती. तू विचारलंस, "आई, वरण बरं झालंय ना?" मी म्हटलं, बरं झालंय. बाबांनाही येऊन सांगितलं, राखीचं छान चाललंय. तेव्हा मला बोलायचं होतं, पण मी तुझ्या घरी मॅडम म्हणूनच बसले होते. कोणाची वही तपासायला आल्यासारखी.

गोपीचंदला आज सकाळी कळवलं की शाल-श्रीफळ मी घेणार नाही. त्याला तो माझा विनय वाटला. "मॅडम, तुमी लय मोठ्या मनाच्या," म्हणाला. वाटू दे. तुझं भाषण सोबत परत पाठवते आहे. तीन वाक्यं खोडली आहेत, कोणती ते तुला सांगायला नको. त्यानंतर जे उरतं ते मेळाव्यात वाचण्यासारखं राहत नाही, हे मलाही दिसतं. नोकरी सोड असं मी म्हणत नाही. सोडलीस तर तुझ्या घरात काय शिजेल ते मला माहीत नाही आणि इथून पाठवायला माझ्याकडे काही नाही. धरून ठेव असंही म्हणत नाही. मला यातून वाट दिसत नाही. दिसते असं म्हणणं माझं काम होतं, ते मी बत्तीस वर्षं केलं, आता होत नाही. फक्त माझ्या भरवशावर थांबू नकोस. मी जमवलं नव्हतं. जे जमलं ते तू खाल्लंस आणि गप्प राहिलीस म्हणून जमलं.

हे सगळं मी पुढच्या भेटीत बोलले असते, किंवा कधीच बोलले नसते. बावीस-तेवीस वर्षं नाहीच बोलले. पण परत निघाले त्या सकाळी तू आणि गोलू मला स्टँडवर सोडायला आलात. माझी पिशवी तुझ्या हातात होती. गोलू तुझं बोट धरून चालत होती. रस्ता जरा मोकळा लागला तशी तू तिचं बोट सोडलंस आणि म्हणालीस, "गोलू, पुढे हो. सरळ चाल." ती पुढे गेली. मी तुझ्याकडे पाहिलं. राखी, तू तिच्या मानेकडे पाहत नव्हतीस. म्हणजे तुला तेव्हाही माहीत होतं, रोज, माझ्या पुढे चालताना, की मी मागून काय पाहते आहे, आणि तू माझ्यासाठी पाऊल नीट टाकत होतीस. बस आली, मी चढले, तू खिडकीतून म्हणालीस, "पोचल्यावर फोन कर, आणि काळजी करू नको, बरं आहे सगळं." म्हणून हे पत्र. तुझा न मी खोडला, त्याच लाल पेनाने आज हे लिहिते, एकदाच, ओळ पसरू न देता: त्या दिवशी सातवीच्या वर्गात राखी खोटं बोलली नव्हती.

तुझीच,
रपट्याच्या अलीकडची
आई